यादीपासून टपालाच्या थैलीपर्यंत: सोलापुरात इंकजेटच्या बळावर डायरेक्ट मेलचा धंदा कसा वाढवावा

सोलापूरच्या मालाचं मोठं गिऱ्हाईक बाहेरगावी बसलेलं असतं. चादर, टॉवेल, शाळेचे गणवेश इथे तयार होतात आणि ऑर्डर येते कलबुर्गीहून, हैदराबादहून, नागपूरहून. गणवेश शिवणाऱ्या कारखानदाराला मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत पोचायचं असतं, टॉवेलवाल्याला हॉटेलच्या खरेदी विभागापर्यंत. व्हॉट्सअॅपवर फोटो जातो, पण कापडाचा पोत जात नाही. दोन इंचांचा कापडाचा तुकडा टाचलेलं पत्र हातात आलं की माणूस तो तुकडा बोटांत चोळून बघतोच. टपालाने जाणाऱ्या जाहिरातीला, म्हणजेच डायरेक्ट मेलला, या शहरात अजून जागा आहे ती त्यामुळे.

हे काम आपल्याकडे बरीच वर्षं एकाच पद्धतीने होत आलं. ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरून छापणाऱ्या मशीनवर, हजारो सारखी पत्रकं छापायची, पत्त्यांची लेबलं वेगळी काढायची आणि चार-पाच जणांनी बसून ती चिकटवायची. इंकजेटमुळे पत्ता थेट पाकिटावर छापता येतो आणि लेबलाचा खर्च व वेळ वाचतो. पण एवढ्यासाठी मशीन घेणार असाल तर थोडं थांबा. इंकजेटची खरी ताकद ही की दहा हजार प्रतींमधली प्रत्येक प्रत वेगळी असू शकते. प्रत्येकीवर वेगळं काय छापायचं, हे मात्र मशीनला ठाऊक नसतं, ते यादीत असतं. म्हणून या धंद्यात वाढतो तो यादी सांभाळणारा छापखाना. खालच्या सगळ्या पायऱ्या याच समजुतीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: कुणाचं काम घ्यायचं ते ठरवा

मशीनवाल्याला फोन करण्याआधी एका कागदावर वर्षाचे बारा महिने लिहा आणि आपल्या भागात कोण कधी पत्रं पाठवतं ते मांडा.

जानेवारी ते मार्च हा गणवेशवाल्यांचा काळ. शाळा जूनच्या आसपास उघडतात, पण रंग, कापड, शिलाई यांचे निर्णय त्याआधी कितीतरी दिवस होतात. कॅटलॉग एप्रिलमध्ये पोचला तर तो पुढच्या वर्षासाठीच पोचला असं समजा. एप्रिल-मे लग्नसराईचे, म्हणजे सराफ आणि कापड दुकानदारांचे. त्याच सुमारास क्लासवाल्यांची प्रवेशाची घाई सुरू होते. दिवाळीआधीचा महिना सगळ्याच दुकानदारांचा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, तेव्हाही शहरातल्या दुकानदारांना जुन्या गिऱ्हाइकांची आठवण होते.

मात्र सगळ्यात भरवशाचं काम जुलै ते सप्टेंबरचं आहे. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था आहेत, साखर कारखाने आहेत, दूध संस्था आहेत. सभेची नोटीस जाते ते प्रत्येकीचे सभासद हजारांत आणि प्रत्येकीची यादी तयार. हे काम दरवर्षी येतं आणि त्याला तारीख असते, त्यामुळे तारीख पाळणाऱ्याला संस्था सहसा सोडत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी हेच काम धरावं असं माझं स्पष्ट मत आहे. नफा गणवेश आणि टॉवेलच्या कामात जास्त असतो, पण तिथे चूक परवडत नाही. हात नोटिशींवर बसू द्या.

दुसरी पायरी: तंत्र समजून घ्या, मग मशीन बघा

इंकजेटमध्ये शाईचे सूक्ष्म थेंब कागदाला न टेकता त्यावर उडवले जातात. ऑफसेटला प्लेट लागते, आणि प्लेट बदलल्याशिवाय मजकूर बदलत नाही. इंकजेटमध्ये थेंब कुठे पडायचा हे संगणक प्रत्येक प्रतीला नव्याने सांगतो. बाजारात याचे तीन-चार प्रकार आढळतात.

कंटिन्युअस इंकजेटमध्ये शाईच्या थेंबांची धार अखंड चालू असते. हव्या त्या थेंबांना विद्युतभार देऊन वळवतात आणि उरलेली शाई परत टाकीत जाते. पाण्याच्या बाटलीवर, औषधाच्या खोक्यावर तारीख छापतात ती बहुतेक यानेच. वेग भरपूर, पण अक्षर ठिपक्याठिपक्यांचं. देवनागरी पत्त्यासाठी याच्या वाटेला जाऊ नका.

थर्मल इंकजेटमध्ये नोझलमागचा, म्हणजे शाई बाहेर पडते त्या बारीक छिद्रामागचा, छोटासा रोध क्षणात तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. पत्ते छापणाऱ्या पुष्कळ मशीनवर एचपीच्या ४५ क्रमांकाच्या जातीची कार्ट्रिज बसतात. रिझोल्यूशन ६०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके, आणि एका कार्ट्रिजची छपाईची उंची अर्धा इंच. हेड, म्हणजे नोझल असलेला छपाईचा भाग, कार्ट्रिजमध्येच असतं, त्यामुळे नोझल बिघडलं तर कार्ट्रिज बदलायचं आणि पुढे जायचं. नवख्या माणसाला ही मोठी सोय आहे.

पिएझोमध्ये उष्णता नसते. विजेचा दाब दिला की स्फटिक आकार बदलतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. शाईचे प्रकार जास्त चालतात, हेड बराच काळ टिकतं, पण ते महाग असतं आणि त्याची रोज निगा राखावी लागते. याशिवाय पानाच्या रुंदीएवढं स्थिर हेड असलेली मशीन असतात. मेमजेट कंपनीच्या अशा एका हेडमध्ये ७०,४०० नोझल असतात. हेड हलत नाही, फक्त कागद खालून सरकतो, त्यामुळे रंगीत पाकिटं झपाट्याने निघतात. रोलवर चालणारे मोठे इंकजेट प्रेस हे मोठ्या शहरांतल्या मोठ्या कामांचं प्रकरण आहे. त्यांचा विचार आज नको.

माझा सल्ला असा: रंगीत भाग ऑफसेटवरच छापा. लोगो, फोटो, ठरलेला मजकूर, सगळं त्यात येऊ द्या. याला शेल म्हणतात. मग त्या शेलवर बदलता मजकूर थर्मल इंकजेटने काळ्यात छापा. सोलापुरात ऑफसेट छपाई उत्तम होते, ते हात आहेत, ती मशीन आहेत. ते सोडून सगळंच इंकजेटवर नेण्याची घाई करू नका. पूर्ण रंगीत, प्रत्येक प्रत वेगळी असं काम आलं तर पहिलं वर्षभर ते बाहेरून करून घ्या.

आता एक बारकावा, जो मशीन विकणारा बहुधा सांगत नाही. अर्धा इंच म्हणजे अक्षराची उंची मोजण्याच्या मापात ३६ पॉइंट. इंग्रजी पत्त्याच्या तीन ओळी त्यात बसतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-ऋकार असल्याने ओळीला उंची जास्त लागते, आणि तीन ओळी बसवायच्या म्हटलं तर अक्षर इतकं बारीक होतं की पोस्टमनला त्रास होतो. म्हणून मराठी पत्त्याला किमान दोन कार्ट्रिज, म्हणजे एक इंच किंवा ७२ पॉइंट उंची लागते. दोन कार्ट्रिजच्या मधला सांधा बरोबर ३६ पॉइंटवर येतो. चार ओळी १८-१८ पॉइंटच्या ठेवल्या तर सांधा दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो. पाच ओळी समान अंतरावर ठेवल्या तर तो तिसऱ्या ओळीच्या पोटातून जातो, आणि सांधा केसभर जरी हलला तरी अक्षरं दुभंगलेली दिसतात. ओळींची संख्या सम ठेवा, नाहीतर अंतर हाताने जुळवून घ्या. डेमोला जाताना आपली मराठी यादी आणि आपलीच पाकिटं बरोबर न्या. इंग्रजी नमुना बघून पैसे भरू नका.

वेगाचा हिशेबही स्वतः करा. समजा पट्टा मिनिटाला ६० मीटर सरकतो. पाकीट २३ सेंटिमीटरचं आणि दोन पाकिटांमधलं अंतर ७ सेंटिमीटर धरलं, तर मिनिटाला २०० पाकिटं, तासाला १२,००० होतात. हा कागदावरचा आकडा झाला. फीडरमध्ये, म्हणजे पाकिटं एकेक करून आत सोडणाऱ्या भागात, दोन पाकिटं एकदम उचलली जाणं, थप्पी बदलणं, कार्ट्रिज पुसणं यात वेळ जातो. गिऱ्हाइकाला शब्द देताना याच्या निम्मा वेग धरून द्या.

तिसरी पायरी: शाई, कागद आणि सोलापूरची हवा

पाण्यात विरघळणारी डाय शाई स्वस्त आणि ठळक असते, पण पावसाचे चार थेंब पडले की पत्ता पसरतो. पिगमेंट शाईत रंगाचे कण असतात, ते कागदावर धरून राहतात आणि पाण्याला बरेच टिकतात. जुलै ते सप्टेंबरच्या नोटिशी पोस्टमनच्या पिशवीतून पावसातच जाणार आहेत, तिथे डाय शाई वापरू नका. गुळगुळीत आर्ट पेपरवर पाण्याची शाई लवकर वाळत नाही, थप्पीत एकमेकांना लागते. त्यासाठी सॉल्व्हंटची (पाण्याऐवजी लवकर उडून जाणाऱ्या द्रवाची) शाई किंवा वाळवणीचा दिवा लागतो. सोपा मार्ग म्हणजे शेल डिझाइन करतानाच पत्त्याची जागा कोरी ठेवायची, तिथे वार्निश किंवा लॅमिनेशन येऊ द्यायचं नाही. ऑफसेटवाल्याला हे तोंडी सांगू नका, डिझाइनमध्येच चौकट आखून द्या. ७० ते ९० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) साध्या मॅपलिथो कागदाच्या पाकिटावर मात्र फारशी अडचण येत नाही.

प्रत्येक नव्या कागदावर दोन चाचण्या घ्या. छापल्यावर पाच सेकंदांनी अंगठ्याने घासा. मग दहा मिनिटांनी पाण्याचा थेंब टाकून टिपकागदाने टिपा. पत्ता वाचता आला तर कागद पास.

सोलापूरचा उन्हाळा हा इंकजेटचा मोठा शत्रू. पारा चाळीसच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. उघड्या नोझलवरची शाई वाळते, पहिली काही अक्षरं अर्धवट उमटतात. कागद कडक होऊन वळतो, त्यात स्थिर वीज साठते आणि फीडर एकाऐवजी दोन पाकिटं ओढतो. मशीनच्या खोलीत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवण्याचा प्रयत्न करा. साधा आर्द्रतामापक भिंतीवर लावा आणि ह्युमिडिफायर ठेवा. ह्युमिडिफायरमध्ये बोअरचं पाणी घालू नका, क्षारांची पांढरी भुकटी सगळीकडे बसते. आरओचं पाणी वापरा. कागद गोडाऊनमधून आणल्यावर वेष्टनासह एक दिवस त्याच खोलीत ठेवा. मधे चहाला उठलात तरी कार्ट्रिजला टोपी घाला.

दुसरा शत्रू कापसाचा तंतू. तुमची जागा पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी असेल किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला लागून असेल, तर हवेतला तो बारीक कापूस नोझलवर बसतो आणि अक्षरातून बारीक पांढरी रेघ जाते. खिडक्या बंद, दाराला पडदा, रोज सकाळी व्हॅक्यूमने सफाई. झाडूने तंतू फक्त जागा बदलतात. नोझल पुसायला लिंट न सोडणारं कापड वापरा, सुती फडकं नको. गणवेशाच्या कामात कापडाचे नमुने कापण्याचं टेबल वेगळ्या खोलीत ठेवा.

चौथी पायरी: यादी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. छपाईला एक दिवस लागत असेल तर यादीला तीन दिवस लागू द्या.

गिऱ्हाईक यादी देतं ती अनेक रूपांत. पतसंस्थेची जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलेली, सराफाची वहीत लिहिलेली, गणवेशवाल्याची प्रदर्शनात जमवलेल्या व्हिजिटिंग कार्डांची. मराठी यादी पुष्कळदा जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. ती तशीच उघडली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या आणि रूपांतरणानंतर डोळ्यांनी तपासा. बिघाड होतो तो ठरावीक ठिकाणी: रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी सरकते, ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’, ‘श्र’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ मोडतात. ‘कुऱ्हाडे’, ‘सूर्यवंशी’, ‘क्षीरसागर’, ‘श्रीराम’, ‘ज्ञानेश्वर’, ‘द्वारका’ अशा शब्दांची एक चाचणी फाइल कायम तयार ठेवा. ती आधी रूपांतरणातून आणि मग मशीनच्या सॉफ्टवेअरमधून छापून बघा. काही मशीन युनिकोड वाचतात, पण जोडाक्षरं जुळवू शकत नाहीत, पाय मोडून दाखवतात. असं सॉफ्टवेअर असेल तर सगळे पत्ते आधी पीडीएफ करून मशीनला द्यावे लागतात. खरेदीआधीच हे विचारा.

एक्सेलही घात करतं. लांब खातेक्रमांक उघडताच ते त्याचं ४.१३ई+११ असं काहीतरी करून टाकतं, आणि एकदा तसं सेव्ह झालं की मूळ अंक परत मिळत नाहीत. सभासद क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात. फाइल आयात करताना असे रकाने मजकूर म्हणून घ्या. सीएसव्ही करायची असेल तर यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

मग दुबार नावं काढा. आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, हिंदी एकाच गल्लीत नांदतात, आणि एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. एका यादीत ‘श्रीनिवास’, दुसरीत ‘श्रीनीवास’, तिसरीत इंग्रजी आद्याक्षरं. नुसत्या नावावरून दुबार शोधू नका. मोबाइल क्रमांक, पिन कोड आणि घर क्रमांक जुळवा. गावांची नावंही बदलली आहेत. जुन्या यादीत उस्मानाबाद, नव्या यादीत धाराशिव. तसंच अहमदनगर आणि अहिल्यानगर, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर. कर्नाटकात २०१४ मध्ये गुलबर्ग्याचं कलबुर्गी आणि विजापूरचं विजयपूर झालं. जुन्या-नव्या नावांचा एक तक्ता करून ठेवा आणि प्रत्येक यादी त्यातून काढा.

पिन कोड हा पत्त्याचा कणा. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच मराठी माणूस, संस्कृतचे पंडित. सहा अंकांतला पहिला अंक विभाग सांगतो. ४ मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड येतात, ५ मध्ये कर्नाटक, आंध्र, तेलंगण. सोलापूरचं बरंचसं टपाल या दोन विभागांतच फिरतं. पहिले तीन अंक वर्गवारीचा जिल्हा दाखवतात आणि शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. एक गैरसमज मात्र डोक्यातून काढा: ४१३ म्हणजे फक्त सोलापूर जिल्हा नव्हे. सोलापूर शहर ४१३००१, अक्कलकोट ४१३२१६, पंढरपूर ४१३३०४ हे खरं, पण धाराशिव ४१३५०१, लातूर ४१३५१२ आणि बारामती ४१३१०२ हेही त्याच तीन अंकांनी सुरू होतात. ‘४१३ ची सगळी पाकिटं स्थानिक’ असं धरून गठ्ठे बांधले तर घोटाळा ठरलेला.

पत्ता लिहिण्याचा क्रमही ठरवून टाका: नाव, घर क्रमांक व इमारत, गल्ली किंवा पेठ, मग गाव आणि पिन एका ओळीत. ‘अमक्याच्या घरामागे’ ही खूण असेल तर ती काढू नका. भवानी पेठ, साखर पेठ, जोडभावी पेठ इथल्या बोळांत पोस्टमन त्या खुणेवरच घर शोधतो. परराज्यात जाणाऱ्या पाकिटावर पत्ता इंग्रजीत ठेवणं चांगलं. आतलं पत्र मात्र वाचणाऱ्याच्या भाषेत.

पाचवी पायरी: नुसतं नाव छापून थांबू नका

‘प्रिय श्री. अमुक’ एवढ्याने कुणी आता भारावत नाही. यादीतल्या इतर रकान्यांचा उपयोग करा. गणवेशवाल्याच्या पत्रात शाळेचं माध्यम, विद्यार्थिसंख्येचा अंदाज, गेल्या वर्षीची चौकशी असेल तर तिचा उल्लेख, आणि जवळच्या तालुक्यातल्या त्याच्या वितरकाचा पत्ता छापता येतो. शाळा विजयपूरची असेल तर पत्राचा मुख्य परिच्छेद कन्नडमध्ये, हैदराबादची असेल तर तेलुगूत. सोलापूरच्या छापखान्याला ही दैवी देणगीच आहे. तीन भाषांत मुद्रितशोधन करणारी माणसं आपल्याकडे गल्लीत सापडतात, दुसऱ्या शहराला ती शोधावी लागतात. याचा दर वेगळा लावा.

हॉटेलला टॉवेलचं पत्र पाठवताना लॉज आणि मोठं हॉटेल यांना वेगळा आकार, वेगळा दर दाखवा. पतसंस्थेच्या नोटिशीवर सभासद क्रमांकाचा बारकोड छापला तर सभेच्या दारात हजेरी पटकन लागते. सचिवांना ही सोय फार आवडते आणि त्यांचं काम पुढच्या वर्षीही तुमच्याकडे राहतं. सराफाच्या पत्रात मागच्या खरेदीची रक्कम मात्र कधीच छापू नका. पत्र घरातलं कुणीही उघडतं.

क्यूआर कोड छापणार असाल तर प्रत्येक पत्राला वेगळा द्या, म्हणजे कोणी स्कॅन केला ते कळतं. कोडभोवती त्यातल्याच चार बारीक चौकटींएवढी कोरी जागा हवीच. चूक सुधारण्याची पातळी एम किंवा क्यू ठेवा, म्हणजे कोडचा अनुक्रमे १५ किंवा २५ टक्के भाग खराब झाला तरी तो वाचला जातो. आकार दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि शक्यतो तो कार्ट्रिजच्या सांध्यावर येऊ देऊ नका. स्वस्तातल्या जुन्या मोबाइलवर वाचून बघा, नव्यावर तर तो वाचला जाणारच.

सहावी पायरी: छपाईचा दिवस

यादी पिन कोडच्या क्रमाने लावूनच मशीनला द्या. पाकिटं त्याच क्रमाने बाहेर पडतात आणि गठ्ठे आपोआप वेगळे होतात. छापून झाल्यावर वर्गवारी करायला बसलात तर वाचवलेला सगळा वेळ तिथे जातो. प्रत्येक पिन कोडच्या शेवटच्या पाकिटाच्या कोपऱ्यावर एखादी खूण छापण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती वापरा. गठ्ठा बांधणाऱ्या बाईंना अंक वाचत बसावं लागत नाही.

सुरुवातीला नोझलची चाचणी पट्टी, मग यादीतले पाच कठीण पत्ते: सगळ्यात लांब नाव, सगळ्यात लहान, जोडाक्षरांचं, ओळ रिकामी असलेलं, परराज्यातलं. हे पाच नीट आले की गिऱ्हाइकाची सही घ्या. फोनवरचं ‘चालू करा’ पुरेसं नाही.

सगळ्यात मोठा धोका असतो जुळणीचा. पाकिटावर एकाचं नाव आणि आत दुसऱ्याचं पत्र. जाहिरातीत हे झालं तर हसू होतं, पण पतसंस्थेच्या पत्रात ठेवीची रक्कम असेल तर संस्थेचीच अब्रू जाते. म्हणून शक्य तिथे खिडकीचं पाकीट वापरा, पत्रावरचाच पत्ता खिडकीतून दिसतो आणि जुळणीचा प्रश्नच उरत नाही. नाहीतर पत्र आणि पाकीट दोन्हींवर एकच अनुक्रमांक बारीक छापा, आणि भरताना दर पन्नासाव्या पाकिटाला दोन्ही क्रमांक ताडून बघा. एकही पाकीट फाटलं, अडकलं, तर त्याचा क्रमांक वहीत टिपा आणि शेवटी तेवढीच पुन्हा छापा. इंकजेटमध्ये हे सहज होतं.

सातवी पायरी: पोस्ट

डिझाइन पक्कं होण्याआधी कापडाच्या तुकड्यासह पूर्ण भरलेला नमुना घेऊन हेड पोस्टात जा, वजन करून घ्या आणि कोणत्या दरात बसतो ते विचारा. दोन-तीन ग्रॅमच्या फरकाने पुढचा टप्पा लागला तर हजारो रुपयांचा फरक पडतो. तुकडा थोडा लहान करणं किंवा कागद ९० ऐवजी ७० जीएसएमचा घेणं तेव्हा अजून हातात असतं. टपाल खात्याचे नियम अलीकडे बरेच बदलले. नवा पोस्ट ऑफिस कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला, आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. म्हणून गेल्या वर्षीच्या दरावर कोटेशन देऊ नका.

बिझनेस पोस्टमध्ये टपाल गोळा करणं, पाकिटं भरणं, फ्रँकिंग (तिकिटाऐवजी मशीनने टपालखर्चाचा शिक्का मारणं) अशा सेवा खातं स्वतःही देतं. डायरेक्ट पोस्टमध्ये पत्ता नसलेली पत्रकं पोस्टमनमार्फत ठरावीक भागात घरोघरी वाटली जातात. जुळे सोलापुरात नवा दवाखाना उघडला तर त्या भागापुरती पत्रकं वाटायला ही सेवा चांगली. त्यात इंकजेटचं काम एवढंच की भागानुसार वेगळा संकेतांक छापायचा.

टपालखर्च नेहमी आगाऊ घ्या. तो उधारीत अडकला की छपाईचा नफा त्यातच बुडतो.

परत आलेली पाकिटं रद्दीत टाकू नका. ‘पत्त्यावर राहत नाही’, ‘पत्ता अपुरा’ असं पोस्टमनने लिहिलेलं असतं. ते यादीत भरा आणि दुरुस्त यादी गिऱ्हाइकाला परत द्या. छापून देणारे बरेच असतात, यादी सुधारून देणारे फार थोडे.

आठवी पायरी: दर आणि हिशेब

कोटेशनमध्ये शेल, यादीशुद्धी, इंकजेट, भरणं आणि टपाल असे रकाने वेगळे दाखवा. यादीशुद्धी फुकट टाकू नका. जी गोष्ट फुकट दिली तिच्यासाठी पुढे कधीच पैसे मिळत नाहीत.

शाईचा खर्च मशीनवाल्याच्या माहितीपत्रकावरून धरू नका. कार्ट्रिज सराफी काट्यावर वजन करा, हजार पाकिटं छापा, पुन्हा वजन करा. पाण्याच्या शाईचा एक ग्रॅम साधारण एक मिलिलिटरच्या जवळपास असतो, त्यामुळे दर हजारी खरा खर्च समोर येतो. पुसण्यात आणि सफाईत गेलेली शाईही त्यात आपोआप धरली जाते.

गिऱ्हाइकाशी बोलताना एका पाकिटाच्या दरावर घासाघीस होऊ देऊ नका, हिशेब ऑर्डरवर आणा. समजण्यापुरते आकडे घेऊ. कापडाच्या नमुन्यासह एक पाकीट ४० रुपयांना पडतं आणि २,००० शाळांना पाठवायचं, खर्च ८०,०००. एका शाळेच्या ऑर्डरमागे कारखानदाराला १६,००० सुटत असतील तर पाच शाळांत खर्च निघतो. आता यादी नीट चाळून, बंद पडलेल्या आणि दुबार शाळा काढून ती १,२०० वर आणली तर खर्च ४८,००० आणि तीन शाळांत भरपाई. तुमचं बिल लहान झालं हे खरं, पण त्या कारखानदाराला पत्र पाठवणं परवडलं, आणि परवडलं तरच तो पुढच्या जानेवारीत येतो.

कमी प्रतींची कामं अशी घेता येतात ती इंकजेटमुळेच. शेल एकदाच जास्त छापून ठेवायचे आणि दर महिन्याला तीनशे-चारशे प्रतींवर नवा मजकूर टाकून पाठवायचे. प्लेट नाही, मेकरेडी म्हणजे छपाईआधीची मशीनची जुळवाजुळव नाही. वर्षातून एक मोठं काम देणाऱ्या गिऱ्हाइकाला बारा छोट्या कामांकडे वळवता आलं, तर मशीन मोसमाबाहेरही चालू राहतं.

नववी पायरी: निकाल मोजा

प्रत्येक पत्रावर संकेतांक द्या आणि गिऱ्हाइकाच्या फोन उचलणाऱ्या माणसाला तो विचारायला शिकवा. हे शिकवणं स्वतः जाऊन करा, नुसतं सांगून होत नाही. दर खेपेला एकच गोष्ट तपासा. उदाहरणार्थ, पिन क्रमाने लावलेल्या यादीत विषम क्रमांकांना कापडाचा तुकडा घाला, सम क्रमांकांना घालू नका. दोन्ही गटांत सगळी गावं सारखी येतात, त्यामुळे तुलना खरी होते. दीड-दोन महिन्यांनी एका पानाचा अहवाल द्या: किती पाठवली, किती परत आली, किती चौकशा, किती ऑर्डरी. वाईट निकालही लपवू नका.

दहावी पायरी: विश्वास आणि विस्तार

लोकांची नावं-पत्ते तुमच्या संगणकात येतात ही जबाबदारी आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. कायद्याचा भाग गिऱ्हाइकाच्या वकिलाकडून समजून घ्या, पण रोजची शिस्त तुमची: यादी पेन ड्राइव्हवर फिरवू नका, व्हॉट्सअॅपवर मागवू नका, काम झाल्यावर ठरलेल्या मुदतीत पुसून तसं लेखी कळवा. बिघडलेल्या प्रती रद्दीवाल्याला देण्याआधी श्रेडरमधून काढा. एका सराफाची यादी दुसऱ्याला, कितीही पैसे दिले तरी, द्यायची नाही. कुणी ‘मला पत्र पाठवू नका’ म्हटलं तर त्या नावाची वेगळी यादी ठेवा आणि प्रत्येक छपाईआधी ती वगळा.

मोठं मशीन कधी घ्यावं, हा प्रश्न मग येतोच. बाहेरून करून घेतलेल्या रंगीत कामाचं बिल दर महिन्याला वेगळ्या वहीत लिहीत चला. सलग सहा महिने ते बिल नव्या मशीनचा हप्ता, शाई आणि एका ऑपरेटरचा पगार यांच्या बेरजेपेक्षा जास्त राहिलं, आणि त्यातले तीन महिने मोसमाबाहेरचे असले, तर मशीन बघायला जा. एप्रिलमध्ये जा. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता सलग दोन तास तुमच्याच पाकिटांवर ते चालवून दाखवा म्हणावं, आणि विक्रीनंतर दुरुस्तीला माणूस किती तासांत येईल ते करारात लिहून घ्या.